घरच्यांचं मोजायचं नाही

सोमवारी अक्कमहादेवीची वचनं म्हणून झाली, मंगलारती झाली, आणि प्रसादाचं ताट फिरायच्या आधी मी उठून खोलीचं दार आतून लावलं.

"बायांनो, फोन काढा," मी म्हटलं.

मठाच्या खालच्या खोलीत आम्ही एकोणीस जणी होतो. वयानं मोठी मी आणि मंडळाची अध्यक्षही मीच, बावीस वर्षं. दुसरं कुणी कधी उभं राहिलं नाही. मी उभं राहू दिलं नाही असंही काही जणी म्हणतात. त्यांचं त्या बघतील.

मी सगळ्यांना नीट समजावलं. माझ्या सुनेचं पान फोनवर उघडायचं. त्यात फरशी पुसायच्या मॉपचा व्हिडिओ आहे, त्याच्या खाली लिंक आहे, ती दाबायची आणि वस्तू मागवायची. पैसे दारात माणूस आला की द्यायचे. मॉप नको असेल तर चाळण आहे, डबे आहेत, गॅसचा लायटर आहे, काहीही घ्या. फक्त मंडळाच्या ग्रुपवर सुनेनं माझ्या नावाची म्हणून जी लिंक टाकली आहे, तिला हात लावायचा नाही. सरळ तिच्या पानावर जायचं, अनोळखी माणसासारखं.

शारदाक्का माझ्या लग्नापासूनची शेजारीण, तिचं तोंड पहिलं उघडतं. ती म्हणाली, "महादेवीअक्का, माझ्या घरात मॉप आहे की. गेल्या वर्षीच आणलाय."

"मग चाळण घे."

"चाळणी चार आहेत."

"पाचवी घे. तुझ्या नातीच्या बारशाला मी चांदीचे वाळे घातले, तेव्हा तिला आधीचे आहेत का, असं विचारलं नव्हतं."

शारदाक्कानं पिशवीतून चष्मा काढला. बाकीच्याही मग फोनवर वाकल्या. त्या खोलीत अशी एक बाई नव्हती जिच्या घरच्या कार्याला माझा आहेर गेला नव्हता. मी आजवर कुणाकडे परत मागितला नव्हता. त्या दिवशी मागितला. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत चार सोमवार होते, आणि चारही सोमवारी मला प्रत्येकीकडून एकतरी ऑर्डर हवी होती. ज्यांच्या घरात सुना, जावा होत्या, त्यांनी त्यांच्या फोनवरूनही करायची. ही गोष्ट दाराबाहेर जाणार नाही हे मला सांगावं लागलं नाही. मी नुसतं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

याला आता नऊ वर्षं झाली.

दाक्षायणी माझी सून, माझ्या विरूपाक्षची बायको, संकेश्वरची. तिला बघायला गेलो तेव्हा मी तिला स्वयंपाकाचं विचारलं, तर तिनं मलाच उलटं विचारलं, तुमच्याकडे आठवड्याला दळण किती लागतं? मी म्हटलं, कोण मोजतंय. ती म्हणाली, मोजायला पाहिजे. मी तिथंच ठरवलं, ही नको. आणि गडहिंग्लजला घरी येईपर्यंत ठरवलं, हीच.

विरू शांत पोरगा. गाड्यांच्या पार्टच्या एका दुकानात हिशेबाला होता, बायको म्हणेल ती पूर्व दिशा. त्यांना मूल नव्हतं. त्यावरून मी सुनेला कधी टोचलं नाही, आणि हे माझं मोठेपण मी चारचौघांत स्वतःच सांगत असे, म्हणजे टोचल्यासारखंच झालं, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दाक्षायणीनं तिचा धंदा मला पहिल्यांदा सांगितला तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. ती स्वयंपाकघरातल्या वस्तू वापरून बघायची, फोनसमोर उभी राहून त्या कशा आहेत ते बोलायची, आणि खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी ती वस्तू मागवली की कंपनी हिला शंभरातले चार-पाच रुपये द्यायची. दुकान नाही, माल नाही, तराजू नाही. मी म्हटलं, हे तर लग्न जमवणाऱ्याचं काम झालं, दोन्हीकडून हात ओला. ती म्हणाली, "जमवणारा खोटं बोलतो, आत्ती. मी महिनाभर तवा वापरते, मग बोलते." आमच्यात सासूला आत्ती म्हणतात.

खरंच महिनाभर वापरायची. चांगलं असेल त्याला चांगलं म्हणायची, वाईटाला वाईट. पण पानावर काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे तिच्या आवडीवर नसायचं. तिच्या आईनं तिला तांब्याची बिंदगी, म्हणजे घागर, दिली होती. तशा भांड्यांचा तिनं एक व्हिडिओ केला, इतकं मायेनं बोलली होती की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांत तीन ऑर्डरी आल्या आणि तिनं तांब्याचं सगळं बंद करून टाकलं. मी बोलले तिला, आईच्या भांड्याचा एवढाच लळा का? ती म्हणाली, लळा आहे म्हणून बिंदगी फडताळात आहे. पानावर राहायचं तर तिला ऑर्डरी आणाव्या लागतील.

मग तिनं मला घेऊन तव्याचा व्हिडिओ केला. मी जोंधळ्याची भाकरी थापली आणि थापताना माझ्या स्वभावाप्रमाणे बोलत राहिले, आजकालच्या पोरींना, लाटण्याला, टीव्हीवरच्या बायांना. एक्केचाळीस हजार लोकांनी तो बघितला. बाजारात शेंगा विकणारी बाई मला म्हणाली, तुम्ही फोनमधल्या आजी का? मी हो म्हटलं आणि त्या दिवशी शेंगांचा भावही केला नाही. पुढच्या व्हिडिओसाठी कुठलं लुगडं नेसायचं तेसुद्धा मी काढून ठेवलं होतं.

पुढचा व्हिडिओ झालाच नाही. महिन्याभरानं मीच विचारलं. दाक्षायणी म्हणाली, "आत्ती, एक्केचाळीस हजारांनी बघितलं आणि तवे गेले सात. मॉपचा व्हिडिओ तीन हजारांनी बघितला, तर गेले नव्वद. लोक तुम्हाला बघायला येतात. बघतात, हसतात, जातात."

"म्हणजे माझ्यापेक्षा फडकं बरं."

"विकायला बरं," ती म्हणाली. माझं मन राखायला हसलीसुद्धा नाही.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाची भांडी आवरल्यावर, मीच जाऊन तिच्याशेजारी बसले आणि म्हटलं, हे तुला कळतं कुठून ते दाखव. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेही पावसात गळणाऱ्या शाळेत, निम्मे दिवस बंद. तिनं मला फोनवर उभ्या पट्ट्या दाखवल्या. एक पट्टी म्हणजे एक दिवस. पट्टी उंच तर ऑर्डरी जास्त. खाली वार लिहिलेले. कुठल्या वस्तूच्या किती, परत किती आल्या, सगळं त्यात होतं. आठवड्याभरात मी पट्ट्या वाचायला लागले. रोज दुपारी आम्ही दोघी तो फोन मधे ठेवून बसायचो. ती विचारायची, हा गुरुवार का पडला असेल, आत्ती? मी म्हणायची, त्या दिवशी अमावास्या होती, अमावास्येला कोण नवी वस्तू घेतंय. ती ते मागच्या महिन्याशी पडताळून बघायची, आणि खरं निघालं तर तिच्या वहीत माझं नाव घालून लिहायची.

गणपती गेल्यावर तिला पुण्याहून फोन आला. घरगुती वस्तू विकणारी एक कंपनी होती. तिचं पान त्यांनी बघितलं होतं. काय खपतं, काय परत येतं, हे बघायला त्यांना माणूस हवा होता. पगार विरूच्या अडीचपट. विरूला तिकडे कुठंही काम मिळालं असतं. पाडव्यापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

रात्रीच्या जेवणाला बसलो असताना तिनं हे सांगितलं आणि मला विचारलं, "आत्ती, तुमचं काय म्हणणं?"

माझ्या घशात घास होता. तो गिळून मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझ्याकडे आकडे आहेत की. त्यांना विचार."

मग तिनं आकड्यांना विचारायचं ठरवलं. घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंतचा महिना धरायचा. एरवी तिच्या महिन्याला दोनशेच्या आसपास ऑर्डरी व्हायच्या. त्या महिन्यात तीनशे झाल्या तर पान आणखी वाढेल असं धरायचं, पुण्याला नाही कळवायचं आणि इथंच राहायचं. तीनशेला एक जरी कमी पडली तर जायचं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिनं पाडव्याला गोल केला. विरू म्हणाला, आपल्या नातेवाइकांना सांगितलं तर पन्नास इथंच होतील की. ती लगेच म्हणाली, "घरच्यांचं मोजायचं नाही. एक तर लिंकांच्या कंपनीला ते चालत नाही. आणि माया म्हणून कुणी मॉप घेतला तर त्यावरून मला काय कळणार?" म्हणूनच तिनं मंडळाच्या ग्रुपवर वेगळी लिंक टाकली होती, ओळखीच्यांचं बाजूला काढायला.

हे सगळं मी ऐकलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी कुणाला सांगू शकत नाही.

पहिला सोमवार झाला आणि मंगळवारी दुपारी दाक्षायणीनं फोन मधे ठेवला. सोमवारची पट्टी दुसऱ्या पट्ट्यांच्या वर दोन बोटं गेली होती. मी नवल केलं. ती म्हणाली, दिवाळीची साफसफाई सुरू झाली, आत्ती, म्हणून मॉप उचललाय. मी म्हटलं, बरोबर, आता बायका घरं काढायला लागणारच. दुसऱ्या सोमवारी तसंच झालं. तिसऱ्या सोमवारनंतर तिनं गच्चीवर मिरचीची रोपं लावायला माती आणली. चार कुंड्या भरताना ती गुणगुणत होती. तिला गाताना मी लग्नापासून ऐकलं नव्हतं. मला वाटायचं हिला गाणं येतच नाही.

मंडळात मात्र बाया कुरकुरायला लागल्या होत्या. शारदाक्काच्या घरी तीन मॉप आणि दोन लायटर झाले होते. मी म्हटलं, लेकीला दे, जावेला दे. एकीनं विचारलं, वापरलं नाही तर महिन्याभरात परत करता येतं म्हणे? मी म्हटलं, मी दिलेली लुगडी तुम्ही परत केलीत का? त्या गप्प बसल्या. गप्प बसलेली बाई ऐकते असं मी आयुष्यभर धरून चालले.

पाडव्याच्या दिवशी सकाळी दाक्षायणीनं मोजलं. तीनशे अठरा. तिनं पुन्हा मोजलं, मंडळाच्या लिंकवरच्या दोन होत्या त्या वजा केल्या. तीनशे सोळा. मग माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि इंग्रजीत बोलली. मला त्यातलं फक्त 'सॉरी' कळलं, पण तोंड बघूनच कळत होतं की तिला कसलंही वाईट वाटत नाही. फोन ठेवून ती माझ्या पाया पडली. मी त्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचं पुरण घालून होळग्या केल्या, वर तूप इतकं की विरू म्हणाला, अव्वा, आज काय लग्न आहे का कुणाचं.

वस्तू परत जायला लागल्या त्या तुळशीच्या लग्नाच्या आधीच. एकदम साठ-पासष्ट. मी दिलेली लुगडी ठेवून घेणाऱ्या बायांनी मॉप ठेवले नाहीत, आणि आता मी त्यांना दोष देत नाही. नको असलेली वस्तू घरात ठेवायला जागा लागते. त्यानंतर आठवड्याभरात लिंकांच्या कंपनीचं पत्र फोनवर आलं. एकाच गावातल्या, ठरवून केलेल्या ऑर्डरी दिसतात, म्हणून खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. पानावरच्या सगळ्या लिंका एका दिवसात मेल्या. चार वर्षांचं काम होतं.

दाक्षायणी त्या दिवशी रडली नाही. विरूनं तिला जेवायला घातलं. मी माझ्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी, भांडी आवरल्यावर, रोजच्या वेळेला ती माझ्यापाशी आली, बसली आणि फोन मधे ठेवला.

"वाचा, आत्ती," ती म्हणाली.

तोच महिना होता. घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंत.

"काय दिसतं?"

"चार पट्ट्या उंच आहेत."

"कुठला वार?"

मी चष्मा पुसला. वार मला चष्म्याशिवायही माहीत होता. "सोमवार," मी म्हटलं.

"सोमवारी तुम्ही कुठं असता?"

माझ्यापेक्षा वयानं चाळीस वर्षांनी लहान बाई मला शाळेतल्यासारखं विचारत होती, आणि मी शाळेतल्यासारखं उत्तर दिलं. "मंडळात."

"किती जणी?"

"एकोणीस. आणि त्यांच्या सुना, जावा."

बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर गादी झोडपल्याचा आवाज येत होता. ती आरडाओरडा करील, माहेरी निघून जाईन म्हणेल, याची मी तयारी करून बसले होते. तसं झालं असतं तर मला बोलता आलं असतं. भांडणात मी कुणाला हार गेलेली नाही.

"तुझं नाव व्हावं म्हणून केलं," मी म्हटलं. "तुझं भलं व्हावं म्हणून."

"माझं भलं कशात आहे ते बघायलाच मी महिनाभर मोजत होते," ती म्हणाली. मग फोनवरच्या पहिल्या उंच पट्टीवर तिनं बोट ठेवलं. "पण एक सांगते. हे सोमवार मला तेव्हाच दिसले होते. साफसफाईला कोण सोमवार धरून बसतंय? ती रविवारी निघते, सुटीच्या दिवशी. दुसऱ्या कुणाचं पान असतं तर मी त्याला तिथंच थांबवलं असतं, हे मोजू नका म्हणून. मी मात्र दिवाळी, दिवाळी म्हणत राहिले. कारण मला तीनशे व्हायला हव्या होत्या."

मी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मला जायचं नव्हतं, आत्ती," ती म्हणाली. "त्या रात्री जेवताना मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही एकदा जाऊ नको म्हणाला असता, तर मी तेवढं एक मोजलं असतं. बाकीचं सगळं सोडून."

मी पदर सावरला आणि भाजी करपतेय म्हणून उठले. स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता, आणि त्यावर काहीही नव्हतं. मी तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. ती माझ्या मागे येईल असं वाटलं. ती आली नाही.

विरूचे वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत मला भेटायला पुष्कळ माणसं यायची. सल्ला मागायची, आहेर घेऊन जायची, माझ्या तोंडाला भिऊन निघून जायची. हा गुरुवार का पडला असेल, असं मला दुसऱ्या कुणी विचारलेलं नव्हतं. ती पुण्याला गेली तर दुपारचे दोन वाजल्यावर मी काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. एवढ्यासाठी मी एकोणीस घरांचा आहेर परत मागितला होता. तिच्या नावासाठी नाही.

दाक्षायणीनं पुण्याला पुन्हा फोन केला. ती जागा भरली होती. मग बरीच खटपट करून तिला तिकडच्या एका गोदामात काम मिळालं, आलेल्या खोक्यांवरचे नंबर संगणकात भरायचं. पगार पहिल्याच्या निम्माही नाही. इथंच राहा, पान पुन्हा उभं करता येईल, असं विरू तिला म्हणाला. ती म्हणाली, इथल्या आकड्यांवर आता माझाच विश्वास नाही.

संक्रांत झाली आणि ते निघाले. सामान आदल्या दिवशी टेम्पोनं गेलं होतं. बसस्टँडवर पोचवायला मी गेले. विरू तिकिटांचं विचारायला खिडकीवर गेला आणि आम्ही दोघीच बाकड्यावर राहिलो. गावात एव्हाना सगळ्यांना सगळं कळलेलं होतं; शारदाक्कानं आपल्या तोंडाला जागून ते केलं होतं. येणारे-जाणारे बघत होते. मी ताठ बसले होते.

डब्यात काय काय भरलं आहे ते मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली. पुण्यात पाणी जड असतं, केस गळतात, हेही सांगितलं. ती हो म्हणाली.

बस लागली होती. माणसं चढायला लागली. मी उठू लागले तसं तिनं माझ्या मनगटाला हात लावून मला पुन्हा बसवलं.

"आत्ती," ती म्हणाली, "अजून दहा मिनिटं आहेत."

तिनं घड्याळ बघितलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

दहा मिनिटं पुष्कळ होतात. विरू पाण्याची बाटली घेऊन आला, पिशव्या वर ठेवून आला, पुन्हा खाली उतरून लांब उभा राहिला. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी माझ्या सुनेला सांगितलं, वाटेत बस थांबते तिथं काही घेऊन खाऊ नका, तेल चांगलं नसतं.